सुदाननं कागद घेतला का?

सोमवारी सकाळी दारात चपला वाजल्या की माझी बायको उषा चहाच्या आधणात आणखी एक कप पाणी घालते आणि मी कॉम्प्युटर सुरू करतो. मन्मथअप्पा आलेले असतात. एक चप्पल पायात, दुसरी पायरीवर, अशा अवस्थेतच ते विचारतात, "सुदाननं कागद घेतला का?"

इतरांच्या घरी लोक पाऊस विचारतात, तुरीचा भाव विचारतात. आमच्या लातुरात तर ओळख नसली तरी मुलाचे मार्क विचारतात. आमच्या घरी सुदानचा कागद विचारला जातो. नव्या माणसाला हे ऐकून वाटतं की अप्पांचा आफ्रिकेशी मोठा व्यापार असावा. अप्पांचा व्यापार औशाच्या पलीकडे कधी गेलेला नाही.

मी इथल्या एका दाल मिलमध्ये हिशोब बघतो. आकड्याला आकडा जुळला नाही तर मला जेवण जात नाही, आणि हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. म्हणून अप्पांनी मला धरलं. कोणत्या देशाने बाहेरून कोणता माल किती किमतीचा घेतला, याचे आकडे देणारी एक वेबसाइट आहे. देश निवडायचा, माल निवडायचा, की वर्षामागून वर्षाची रेघ समोर येते. त्यात 'कागद आणि पुठ्ठा' असा एक वेगळा विभागच आहे. हे आकडे वर्षातून एकदा बदलतात. काही देशांचे तेवढेही बदलत नाहीत. हे मी अप्पांना पहिल्याच सोमवारी नीट समजावून सांगितलं होतं.

"बरं बरं," अप्पा म्हणाले होते. "पण बघायला काय जातंय?"

तेव्हापासून आम्ही बघतो.

गल्लीच्या तोंडाशी अप्पांचा खोक्यांचा कारखाना आहे. कारखाना हा त्यांचा शब्द. प्रत्यक्षात पत्र्याची एक लांब खोली, पुठ्ठा कापायचं यंत्र, कामाला दोन बायका आणि सगळीकडे खळीचा वास. मिठाईची खोकी, साड्यांची खोकी, औषधाच्या दुकानांची खोकी. वर माडी, तिथे राहतात. लग्नात लोक पेढा खातात. अप्पा पेढा पानात ठेवून खोक्याचा कोपरा फाडतात आणि जिभेला लावतात. "रद्दीचा हाय. तिसऱ्यांदा उकळलेला लगदा हाय ह्यो." नवरीच्या बापाच्या कानावर हे जाऊ नये म्हणून पंगतीत त्यांना भिंतीकडे बसवून मी कडेला बसतो.

अप्पा भित्रे आहेत. हे मी पाठीमागे बोलत नाही. "मला भ्याव वाटून राहिलंय" हे वाक्य ते स्वतःच इतक्या वेळा म्हणतात की कामाच्या बायका ते ऐकून चहाची वेळ ओळखतात. पुठ्ठ्याला आग लागेल हे पहिलं भ्याव. त्यामुळे कारखान्यातल्या महादेवाच्या फोटोसमोर उदबत्ती असते, पण न पेटवता. "देवाला वास कळतोय की. पेटवायची काय गरज?" किल्लारीच्या भूकंपापासून ते दाराला आतून कडी लावत नाहीत, कारण पळायला उशीर होईल. पण कडी नाही म्हणून चोराचं भ्याव. मग दाराला आतून रिकामे डबे रचून ठेवतात. मांजर शिरलं की अख्खी गल्ली उठून बसते.

अशा माणसाने गच्चीवरची खोली एका परदेशी मुलाला भाड्याने दिली, हे कोणाला खरं वाटणार नाही. त्यांनी दिलीच नव्हती. महानंदाकाकूंनी दिली. काकू म्हणजे अप्पांची बायको. अप्पांच्या वाट्याची सगळी हिंमत त्या घेऊन आल्या होत्या.

मुलगा सुदानचा. इथे फार्मसी शिकायला आलेला. नाव तय्यब. इतका उंच की जिन्याच्या चौकटीतून वाकून जावं लागायचं. पहिल्या रात्री अप्पांनी डब्यांच्या जोडीला दाराशी पाटा-वरवंटाही सरकवला. सकाळी काकू वर चहा घेऊन गेल्या, तर दार उघडेना. तय्यबने आतून त्याची पेटी लावून ठेवली होती. खाली पुठ्ठा कापायचं यंत्र चालताना ऐकून त्याला वाटलं होतं, या घरात काय कापतात कोण जाणे.

काकू हसत खाली आल्या. "घ्या. एक भित्रा कमी व्हता म्हणून देवानं दुसरा धाडला."

मग काकूंनी ज्वारीची भाकरी थापायला घेतली आणि तो पोरगा पिठाच्या डब्याशी जाऊन बसला. पीठ चिमटीत घेऊन हुंगत राहिला. त्याच्या देशातही ज्वारीच खातात, शेंगदाणेही तिकडे पिकतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्याला मराठी येत नव्हती. तो बोट दाखवून एवढंच म्हणाला, "काकू... मेरी माँ." त्या दिवसापासून त्याचं जेवण खाली सुरू झालं. शिक्षण संपेपर्यंत तो अस्सल लातूरचं बोलायला लागला होता. "लई तिखट हाय काकू, वाढा अजून." अप्पांनी त्याचा तय्यप्पा करून टाकला. एखाद्या नव्या माणसाला ते नाव सांगितलं तर तो निलंग्याकडचा पाहुणा समजायचा.

शिकून तो परत गेला. तिकडे वडिलांचं औषधाचं दुकान होतं, त्यात बसू लागला. दर रविवारी काकूंना फोन. काकू जावयाच्या तक्रारी त्याला सांगायच्या, तो त्याच्या आईच्या तक्रारी काकूंना सांगायचा. मग त्याच्या देशात लढाई सुरू झाली. एका रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. आपण लावला तर रेकॉर्डवरची बाई काहीतरी अरबीत सांगायची आणि फोन कट व्हायचा.

काकूंनी पुष्कळ वाट बघितली. नंतर त्यांना कावीळ झाली आणि त्यातून त्या उठल्याच नाहीत. मुलगी शिरूर अनंतपाळला दिलेली आहे. ती अप्पांना चला म्हणते. अप्पा जात नाहीत. "पुठ्ठ्याला उंदरं लागतील," म्हणतात.

आता राहिला होता एकच प्रश्न. तय्यब आहे की नाही.

टीव्हीवरच्या बातम्या अप्पा बघत नाहीत. त्यात काय दाखवतील याचं भ्याव. अशात कागदाच्या एका एजंटाने बोलता बोलता सांगितलं की कोणता देश किती कागद मागवतो ते सगळं हल्ली कॉम्प्युटरवर दिसतं. अप्पा यंत्र तसंच चालू ठेवून माझ्याकडे आले.

"सूर्यवंशी, तय्यप्पा काय सांगत व्हता ध्यानात हाय का? त्यांच्याकडं पुठ्ठा बनत न्हाई. औषधाचं खोकं बाहेरून येतंय."

"मग?"

"मग काय मग! देश खोकं घेऊन राहिला म्हणजे दुकानं उघडी हायत. दुकानं उघडी हायत म्हणजे पोरगं गल्ल्यावर बसलंय."

या साखळीत कुठे कुठे कड्या नाहीत ते मला लगेच दिसलं. अप्पांनाही दिसत असणार. त्यांचा जन्म पुठ्ठ्यात गेलाय. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी मुकाट कॉम्प्युटर लावला.

एकट्या सुदानची रेघ त्यांना पुरेना. "एक पारडं बघून काय कळतंय? दुसऱ्यात आपलं टाका." म्हणून भारत आला. दोन्ही देश एका चित्रात घेतले, तर आपली रेघ छताला आणि सुदानची खाली कुठे दिसेचना.

"गेला!" अप्पा ओरडले. आतून उषा पळत आली.

"गेला नाही अप्पा. आपला देश मोठा आहे. त्याच्याशेजारी तो दिसत नाही, एवढंच."

मग मी त्यांना हिशोबातली साधी रीत सांगितली. दोघांचंही एक ठरावीक वर्ष घ्यायचं, त्या वर्षीच्या आयातीला शंभर धरायचं, आणि पुढचं प्रत्येक वर्ष त्या शंभराशी ताडून बघायचं. म्हणजे हत्ती आणि मुंगी एकाच पट्टीवर येतात. "कोणतं वर्ष धरू?" मी विचारलं.

"तय्यप्पा गेला ते," अप्पा म्हणाले.

अर्थशास्त्रात असं वर्ष धरत नाहीत. मी धरलं.

आता चित्र बरं आलं. शंभरावर दोन्ही रेघा एकमेकींना चिकटलेल्या, आणि तिथून वेगळ्या झालेल्या. आपली रेघ खाली-वर होत होती पण पैलवानासारखी. सुदानची अंगात हीव भरल्यासारखी. अप्पांनी ते छापून घेतलं, पुठ्ठ्यावर खळीने डकवलं आणि कारखान्यात महादेवाच्या शेजारी टांगलं. कामाच्या बाईने विचारलं, "अप्पा, ह्यो ताप कुणाचा?"

"दोघांचा," अप्पा म्हणाले.

एकदा माझ्याने राहवलं नाही. खरं तेच सांगायचं ही सवय. मी म्हणालो, "अप्पा, हे किमतीचे आकडे आहेत, वजनाचे नाहीत. कागद महागला तर थोड्या कागदालाही रेघ वर जाते."

अप्पांनी कप बशीत ठेवला. "मला म्हाईत न्हाई व्हय ते? भाव काय असतोय ते तुम्ही मला शिकवता? गप बसा जरा."

मी गप बसलो. पण हळूहळू ते भ्याव आमच्या घरात शिरलं. सोमवारी पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं की माझे हात गार पडायचे. मिलमध्ये हिशोब चुकल्यावरही एवढे पडत नाहीत. उषा म्हणायची, "तुम्ही दोघं तिथले अर्थमंत्री हाव का? एक देशाकडं बघतोय, एक शेजाऱ्याकडं." पण रेघ दिसेपर्यंत तीसुद्धा चहा गाळायची थांबायची.

आणि एका सोमवारी ती रेघ बदलली.

नवं वर्ष चढलं होतं. आपली रेघ पुढे सरकली होती. सुदानची सरळ खाली येऊन तळाला टेकली होती, विहिरीत दगड टाकावा तशी.

स्वयंपाकघरात दूध उतू गेलं ते कोणी बघितलं नाही.

मी घाईने चित्र बंद करून आतले आकडे उघडले. "अप्पा, थांबा. शून्य नाही. इथे शून्य लिहिलेलं नाही. रकाना रिकामा आहे. त्या देशाने आकडा कळवलेलाच नाही. चित्र काढणाऱ्या यंत्राने रिकाम्याला शून्य समजून रेघ खाली ओढली. यंत्र मूर्ख आहे."

"रिकामा म्हणजे काय?"

"म्हणजे माहीत नाही."

"म्हाईत न्हाई कामून?"

"कोणी सांगितलं नाही म्हणून."

अप्पांचा आवाज एकदम बारीक झाला. "सांगायला कुणी ऱ्हायलंच न्हाई म्हणून तर न्हाई ना सांगितलं?"

मग मला एक सुचलं. घेणाऱ्याने लिहिलं नसलं तरी विकणाऱ्याने लिहिलेलं असतं. मी एकेका देशाची निर्यात उघडून त्यात सुदान शोधत गेलो. सापडलं. दोन-तीन देशांनी त्या वर्षी सुदानला कागद विकल्याचं लिहिलं होतं. रक्कम बारीक, पण होती. मी आनंदाने अप्पांना दाखवलं.

"विकणाऱ्याचं काय सांगता?" अप्पा उठले. "मी बी सांगतो, दिवाळीला खोकी लई गेली."

ते चहा न घेता गेले. दुपारी यंत्राचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कामाच्या बायका दारावरून परत गेल्या. उषाने डबा पाठवला तो संध्याकाळी तसाच आला. भाकरीचा पापुद्राही निघालेला नव्हता. पुढच्या दिवशीचाही तसाच. आता मला सुदानचं नव्हे, अप्पांचं भ्याव वाटायला लागलं. काकूंच्या मागे या माणसाने स्वतःला कशावर उभं ठेवलं होतं ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. एका रेघेवर. आणि ती माझ्याच घरात खाली गेली होती.

"आकडे बघून कुठं माणूस सापडतोय?" उषा म्हणाली. "माणसाला माणूस विचारा ना. त्यो हाशिम हाय की नांदेडला."

हाशिम हा तय्यबचाच गाववाला. तय्यबच्या मागून शिकायला आलेला, सणासुदीला काकूंच्या हातचं जेवायला यायचा. आता नांदेडला पुढचं शिकत होता. मी जिना चढून वर गेलो. अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"अप्पा, हाशिमला विचारलंत का कधी?"

"त्याला कामून तरास द्यायचा?" भिंतीकडूनच उत्तर आलं. "परीक्षा असंल त्याची."

"उद्या नांदेडला जायचं. मी रजा टाकली आहे."

रजा मी टाकली नव्हती. पण ती नंतर टाकली, म्हणजे ते वाक्य खोटं राहिलं नाही.

लातूर-नांदेड रस्त्यावर एसटीने जाणाऱ्यांना कल्पना नसेल की उतरायला किती कारणं असतात. चाकूरला गाडी थांबली तर अप्पा पाणी प्यायला उतरले. पाण्याची बाटली माझ्या पिशवीत होती. स्टँडवर एका दुकानदाराने बिस्किटांचं खोकं उघडून टाकलं होतं, त्याचा कोपरा फाडून ते मला सांगू लागले की यात किती थर आहेत. कंडक्टर ओरडला, "ओ काका, पुठ्ठा बघायचाय का नांदेड?" मी त्यांना दंडाला धरून चढवलं.

अहमदपूरला मात्र ते उतरले ते चढलेच नाहीत. स्टँडवरच्या बाकावर जाऊन बसले. आमची गाडी आमच्या डोळ्यांसमोर गेली.

"परत जाऊ," ते म्हणाले.

"अप्पा, अर्धा रस्ता आलोय."

"म्हणूनच म्हणून राहिलो. अजून अर्धा हाय."

मला राग आला. मी म्हणालो, "तुम्हाला तो आहे का नाही हे कळायला नको का?"

अप्पा समोरच्या गाड्यांकडे बघत होते. "भूकंपाच्या दिवशी," ते म्हणाले, "माझी बहीण किल्लारीच्या बाजूला दिलेली व्हती. बातमी आली तसा मी पळत सुटलो. मिळंल त्या गाडीनं, मग पायी. लोक म्हणले, अप्पा जाऊ नका, थांबा. मी कुणाचं ऐकलं न्हाई. जाऊन बघितलं. थांबलो असतो तर दुपारपर्यंत ती जिती व्हती की. माझ्यापुरती तरी. मी पळत जाऊन तेवढं बी घालवलं."

स्टँडवर कुठल्या तरी गाडीची घोषणा झाली. मला त्यांच्या सगळ्या सोमवारांचा अर्थ लागला. ते बातमी शोधत नव्हते. बातमी नसेल अशी जागा शोधत होते, आणि ती त्यांना परदेशी कागदाच्या आकड्यांत सापडली होती.

पुढची गाडी आली तेव्हा मी उठलो आणि त्यांच्यासाठी थांबलो. मला वाटलं नव्हतं, पण ते उठले.

हाशिमची खोली शहराबाहेर होती. दार त्याने उघडलं, अप्पांना बघितलं आणि एक पाऊल मागे गेला.

"अप्पा! तुम्ही हाव?"

"म्हणजे काय? मी कुठं जाईन?"

"तय्यबभाई महिनाभर तुम्हाला फोन लावून राहिला, अप्पा! मी तुमचा नंबर दिला त्याला. रिंग जाते, तुम्ही कट करता. मग उचलतच न्हाई. आम्हाला वाटलं..." त्याने वाक्य सोडून दिलं. "मी स्वतः फोन लावणार होतो, लातूरला येणार होतो. पण हिंमत झाली न्हाई."

अप्पांनी चौकट धरली. "त्यो परदेशी नंबरवाला तय्यप्पा व्हता? मी म्हणलं बँकेचे चोर हायत!"

एवढं म्हणून ते खालीच बसले, दारात, हाशिमच्या चपलांवर.

तय्यब इजिप्तमध्ये होता. कैरोत. लढाईतून आईला घेऊन निघाला, वाटेत फोन गेला, नंबर गेले. तिथे पोचून कितीतरी दिवसांनी त्याला हाशिम सापडला. म्हणजे इतके सोमवार आम्ही चुकीच्या देशाचा कागद मोजत बसलो होतो. दुसऱ्या कोणत्याही वेळी मी हे अप्पांना बोलून दाखवलं असतं.

हाशिमने फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. रिंग जात होती तेवढा वेळ अप्पांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

"हाशिम?" आवाज तोच, थोडा बसलेला.

"गाढवा," अप्पा म्हणाले.

"अप्पा? अजून एकदा म्हणा."

"गाढवा. जेवतोस का?"

"जेवतो. हितं ज्वारी न्हाई मिळत, अप्पा. गव्हाची खातो."

"दुकान?"

"दुकान न्हाई राहिलं. बाबा बी न्हाईत, अप्पा. दुकानातच..." त्याने पुढे सांगितलं नाही. "आई हाय माझ्याजवळ. घर, मोहल्ला, काहीच न्हाई राहिलं. दुसऱ्याच्या मेडिकलवर काम करून राहिलो."

अप्पांनी डोळे मिटले होते. हाशिम खिडकीकडे वळला होता. त्याचंही तिकडे कोण कोण राहिलं आहे हे आम्ही विचारलं नव्हतं.

"अप्पा," तय्यब म्हणाला, आणि आता त्याचा आवाज पहिल्यांदा हलका झाला, "काकूला द्या ना फोन. काकू संग आलीय का?"

हाशिमने मान वळवून अप्पांकडे बघितलं. त्यालाही माहीत नव्हतं. कोणी कळवलंच नव्हतं त्याला.

अप्पांनी डोळे उघडले. सोमवारी चक्र फिरताना दिसायचं ते भ्याव चेहऱ्यावर नव्हतं. मी त्या माणसाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा न घाबरलेला बघत होतो.

"काकू औशाला गेलीय," ते म्हणाले. "भाचीच्या बाळंतपणाला. तुला म्हाईत हाय तिचं, कुठं बाळंतपण निघालं की हिची पिशवी तयार."

"बरी हाय ना?"

"तिला काय धाड भरलीय? तुझं नाव घेऊन मला बोल लावती रोज. पोराला फोन कर म्हणती."

"अप्पा, तुमचा आवाज असा कामून येतोय? सूर्यवंशी काका असतील की तुमच्या संग? काका, तुम्ही सांगा. तुम्ही खोटं बोलत न्हाई. काकू बरी हाय ना?"

फोन माझ्याकडे सरकला. अप्पा माझ्याकडे बघत नव्हते. ते जमिनीकडे बघत होते, आणि त्यांनी मनगट अजून सोडलेलं नव्हतं.

"बऱ्या आहेत," मी म्हणालो. "औशाला आहेत."

पलीकडे तय्यबने श्वास सोडला. तो आम्हाला स्पष्ट ऐकू आला.

परतीच्या गाडीत लोहा मागे पडलं. मग मीच म्हणालो, "अप्पा, कधीतरी सांगावं लागेल."

"सांगू की. मी कुठं न्हाई म्हणतोय?" ते खिडकीतून बाहेर बघत होते. "समदं गेलंय त्याचं. एवढं एक माणूस राहू द्या थोडे दिवस. मग ती औशाहून येईल. मग थोडी आजारी पडंल. हळूहळू सांगू."

बाहेर तुरीची शेतं मागे जात होती. अप्पांचे ओठ हलत होते. ते काहीतरी जुळवत होते. शेवटी त्यांनी मला कोपराने हलवलं.

"सूर्यवंशी, पुढच्या रविवारी फोन करतो म्हणलाय. बाळंतपणाला बाईमाणूस किती दिवस ऱ्हातंय हो?"

"सव्वा महिना धरतात."

त्यांनी तो आकडा मनात फिरवून बघितला. त्यांना तो कमी वाटला.

"दोन धरू," अप्पा म्हणाले. "पयलीच येळ हाय पोरीची."